शाळेची घंटा आणि माझं सूप

बालिगन बेट
१२ ऑगस्ट २००१

चोर शोधायचा होता तर मला विचारायचं होतंस! माझ्या नातीला काजळी फासून घरी कशाला पाठवलीस? पांढरा गणवेश भांड्याच्या बुडासारखा काळा. घासून घासून माझ्या बोटांची सालं निघाली आणि डाग आहे तिथेच आहे. मास्तर झालास म्हणून दुसऱ्यांच्या पोरांचे कपडे तुझ्या बापाचे झाले काय?

रोसेंदो, तू बरा असशील. मी बरी आहे, गुडघे सोडून.

चारिंगने सगळं सांगितलं. शाळेची पितळी घंटा चोरीला गेली आणि सर पोलिसांना बोलवायचं सोडून सहावीच्या पोरांकडून चोर शोधून घेतायत. कुणी दाराच्या कडीवर काजळी भुरभुरतंय, कुणी चिखलातल्या पावलात प्लास्टर ओततंय. चोराने म्हणे चिठ्ठी ठेवलीय. तिच्या शाईचा ठिपका खडूवर देऊन खडू पाण्यात उभा केला, की शाईतले रंग वेगळे होऊन वर चढतात आणि पेन कुणाचं ते कळतं. मी विचारलं, मग सापडला का चोर? तर ही म्हणते, "लोला, आम्ही अजून पुरावे जमवतोय." आजीला शिकवते! घंटा वितळवून तिच्या कढया होईपर्यंत जमवा म्हणावं पुरावे.

तुझ्या बाप्तिस्म्याला धर्माची आई, निनांग, म्हणून तुला हातावर मी धरलं होतं, म्हणून तुझं काम मीच करून टाकलं. भिंतीवरचं सूप काढलं. तेच गोल सूप, ज्याने तुझ्या आईची कानातली शोधून दिली. कडेत कात्रीची टोकं रुतवली, कात्रीचं एक कडं माझ्या बोटावर, दुसरं चारिंगच्या. सूप मधे लटकतं. सान पेद्रोचं नाव घेतलं आणि तुझ्या वर्गातल्या पोरांची नावं एकेक म्हणत गेले. बेटाचा कारभार बघणाऱ्या कॅप्टनच्या पोराला सूप ढिम्म. कोळ्यांच्या पोरांना ढिम्म. निलाचं नाव घेतलं आणि गर्रकन वळलं.

निला म्हणजे तोन्योची पोरगी. गेल्या वर्षी नेग्रोसहून उसाचा मळा सोडून आलेत ती माणसं. मला आधीच वाटलं होतं. विहिरीवर रांग पाळत नाहीत, बोलतात ते अर्धं कळत नाही, आणि ही कार्टी मोठ्या माणसांच्या डोळ्यात डोळे घालून बोलते. मागे विहिरीवर सगळ्या बायकांसमोर मला म्हणाली, "लोला, तुमची बादली गळते." मी विचारलं होतं तिला?

कॅप्टनच्या बायकोला सांगून आलेय. म्हणजे आता सगळ्या बेटाला कळलं समज. घंटा मिळाली की कळव आणि आभार मानायचे असतील तर मान.

तुझी निनांग,
तिवा

हे पत्र चारिंगच्या दप्तरात घालत नाही, ती उघडून वाचते. होडीवाल्या इस्कोकडे देतेय. तूही उत्तर त्याच्याकडेच दे.


सेंट्रल शाळा
१४ ऑगस्ट २००१

प्रिय निनांग,

तुमचं पत्र वाचून माझ्या हातातला खडू खाली पडला.

निनांग, घंटा चोरीला गेलेलीच नाही. ती मी लपवली आहे. मुलांच्या जेवणाच्या खोलीत तांदळाचं पिंप आहे, त्याच्या तळाशी आहे ती. चिखलातली पावलं माझी, चिठ्ठी मी लिहिली, कडीवरचे ठसे मीच उमटवले. हा धडा आहे. इतकी वर्षं मी 'मिश्रणातील घटक वेगळे करणे' असं फळ्यावर लिहायचो, पोरं उतरवून घ्यायची आणि परीक्षा झाली की विसरायची. या वेळी म्हटलं, चोरी झालीय, शोधा. शेवटच्या बाकावर झोपणारी पोरंसुद्धा मधल्या सुट्टीत बाहेर जायला तयार नाहीत. असा वर्ग मी कधी पाहिला नव्हता.

आणि निला! तुम्हाला माहीत नाही ती काय मुलगी आहे. पावलाच्या साच्यात डावी टाच जास्त रुतलेली आहे हे तिने पाहिलं. म्हणाली, "सर, चोराच्या डाव्या हातात काहीतरी जड होतं. तो डावखुरा असेल." आणि बोलता बोलता माझ्या खडू धरलेल्या हाताकडे बघून गप्प झाली. मी डावखुरा आहे हे तुम्हाला वेगळं सांगायला नको, लहानपणी त्याच हातावर तुम्ही चमचा मारायचात.

कृपा करून कॅप्टनच्या घरी जा आणि सांगा की सूप चुकलं. आजच जा. फक्त घंटा माझ्याकडे आहे हे एवढ्यात कुणाला सांगू नका. २४ तारखेच्या शुक्रवारी जिल्ह्याच्या अधिकारी बाई हा धडा बघायला येणार आहेत. उत्तर आधीच फुटलं तर सगळ्यावर पाणी पडेल. तोवर मुख्याध्यापिकांनाही मी काही बोललेलो नाही.

गणवेशाला खोबरेल तेल लावून मग साबण लावा. काजळी निघेल.

तुमचा,
रोसेंदो


बालिगन बेट
१८ ऑगस्ट २००१

म्हणजे चोर तू.

आणि मी जाऊन सांगू की सूप चुकलं? कॅप्टनची बायको विचारणार, कशावरून चुकलं? घंटा कुठेय? तर ते सांगायचं नाही. तू माझी अर्धी जीभ बांधून ठेवतोस आणि वर पूर्ण बोल म्हणतोस. असली शिकवणी तुझ्या साहेबीणबाईंना दाखव.

इथे काय झालं ते ऐक. कॅप्टनने माणसं घेऊन तोन्योची झोपडी धुंडाळली. चटया उलट्या केल्या, तांदळाचं मडकं रितं केलं, चुलीतली राख उपसली. घंटा कुठून सापडणार? मग तोन्योला म्हणाले, तुझी पोरगी, तूच वदवून घे. माशांच्या टोपल्या बांधायची दोरी असते ना, ती घेऊन त्याने तिला सगळ्यांदेखत झोडपलं. तो बिचारा तरी काय करणार, नवीन माणूस, इथे राहायचंय त्याला. पोरगी रडली नाही. म्हणाली, "माझ्या बोटांचे ठसे घ्या आणि घंटेवरच्या ठशांशी लावून बघा." कॅप्टन हसला. म्हणाला, "घंटा तूच आणून दे, मग लावून बघतो."

मी तिथेच उभी होते. तुझं पत्र माझ्या कमरेला खोचलेलं होतं.

आता ती विहिरीवर आली की बायका आपापल्या घागरी झाकतात. घंटा चोरणारी पाणीही चोरेल, असं वाटत असेल त्यांना. चारिंग शाळेत जाते, निला जात नाही. होडीत तिच्याशेजारी कुणी पोर बसत नाही म्हणून इस्कोनेच तिला उतरवली. म्हणाला, होडी एका बाजूला कलते.

सूप चुकलं असं मी म्हणणार नाही. चाळीस वर्षं चुकलं नाही ते आज का चुकेल? घंटा नसेल घेतली तर दुसरं काहीतरी घेतलं असेल त्या पोरीने. पण घंटेचं तू बोल. सोमवारच्या होडीने ये, चॅपलसमोर उभा राहा आणि बोल. तू बोलल्याशिवाय मी तोंड उघडणार नाही. माझी चूक नाही तर मी का उघडू?

तिवा


सेंट्रल शाळा
२८ ऑगस्ट २००१

प्रिय निनांग,

सोमवारी आलो नाही. तुम्ही रागावला असाल. मी मनाशी म्हणालो, पाच दिवसांचा तर प्रश्न आहे, शुक्रवारी खरं बाहेर आलं की आपोआप सगळं निस्तरेल. आठवडाभर निला वर्गात नव्हती. समुद्र खवळलाय म्हणून नसेल, असंही म्हणालो. तुमचं पत्र वाचूनही असं म्हणालो. माणूस स्वतःला काय वाटेल ते पटवू शकतो.

शुक्रवारी धडा झाला. पोरांनी पिंपातून घंटा काढली, त्यावर काजळी भुरभुरली, चिकटपट्टीने ठसा उचलला आणि भिंगाखाली एकेकाच्या ठशाशी जुळवत गेली. माझ्या डाव्या अंगठ्याशी जुळला. जुळवला चारिंगने. वर्गात असा आरडाओरडा झाला की शेजारचे वर्ग धावत आले. अधिकारी बाई उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या. म्हणाल्या, हा धडा सगळ्या जिल्ह्यात व्हायला हवा.

मी पुढे होऊन सांगितलं की घंटा मीच लपवली होती आणि निलाने काहीही केलेलं नाही. टाळ्या चालूच होत्या. कुणी ऐकलं की नाही कोण जाणे.

टाळ्या थांबल्यावर चारिंगने हात वर केला. "सर, मग सूप का वळलं?"

मला उत्तर माहीत होतं, पण सांगितलं नाही. म्हटलं, शोधा. काल वर्गात सूप आणि कात्री आणली. दोन मुलींच्या बोटांवर कात्रीची कडी दिली. एकीच्या कानात खोटंच सांगितलं की खडूची पेटी अमक्याने लपवलीय. मग दुसरीचे डोळे बांधले आणि नावं तोंडाने न म्हणता पाटीवर लिहून फक्त पहिलीला दाखवली. ते नाव आलं की सूप वळायचं. मग तिचेच डोळे बांधले, दुसरीचे उघडले. सूप जागचं हललं नाही. पुन्हा पुन्हा केलं, माणसं बदलून केलं, तेच झालं. निनांग, सूप काही बघत नाही. बोट हलतं. इतकं थोडं हलतं की ज्याचं बोट त्यालाही कळत नाही. आपण मनात ज्याला धरलेलं असतं त्याच्या नावाला ते हलतं.

पोरांना फार मजा आली. चारिंगला नाही. वर्ग सुटल्यावर ती माझ्या टेबलाजवळ आली आणि म्हणाली, "निला विज्ञानात पहिली येते म्हणून मला ती आवडायची नाही. म्हणजे माझं बोट." मी म्हटलं, तू मुद्दाम केलं नाहीस. ती म्हणाली, "निलाला त्याने काय फरक पडतो?"

निलाला शाळेत पाठवा. तिच्या बापाला सांगा, मी वर्गासमोर तिची माफी मागेन.

तुमचा,
रोसेंदो


बालिगन बेट
२ सप्टेंबर २००१

कुणाला पाठवू? ती माणसं गेली.

शुक्रवारी चारिंग ओरडतच घरी आली, घंटा सापडली, घंटा सरांकडेच होती. शनिवारी सकाळी मी तांदळाचे पुटो वाफवले, केळीच्या पानात बांधले आणि तोन्योकडे गेले. दार नुसतं लोटलेलं. आत चूल गार, दोरीवर एक फाटकी बनियन. शेजारीण म्हणाली, बुधवारी खोबरं न्यायला नेग्रोसची बोट आली होती, तिच्यात बसून गेले. तू बुधवारपर्यंत गप्प नसतास तर ती बोट त्यांच्याशिवायच गेली असती. मी गप्प नसते तरीही. ते मला माहीत आहे, तू लिहून पाठवायची गरज नाही.

पुटो मी कोंबड्यांना घातले.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, चॅपलमध्ये प्रार्थना संपली तशी मी उठले. तुला माहीत आहे मी उठून बोलणारी बाई नाही, बसल्याबसल्याच पुष्कळ बोलते. म्हटलं, "घंटा मास्तराने लपवली होती. पोरीने काही केलेलं नाही. माझं सूप चुकलं." वाटलं, माणसं माना खाली घालतील. ती हसली! कॅप्टनची बायको माझा दंड धरून म्हणते, "तिवा, तुझं वय झालं. सूप कसं चुकेल? घंटा नसेल, पण काहीतरी नेलंच असेल, नाहीतर पळाले कशाला? आमचा लाल कोंबडा परवापासून दिसत नाही." मी म्हटलं, "तुझा कोंबडा तुझ्या नवऱ्याने झुंजीला नेऊन हरवला." तर म्हणते, "बघा, डोकंही चालेनासं झालंय हिचं." मग तिने दुसऱ्या बाईकडून दुसऱ्या सुपावर कौल घेतला. कोंबडा कुणी नेला? तोन्योने. सगळ्यांना पटलं. पोरगी समुद्रापलीकडे गेली आणि इथे रोज नवीन काहीतरी चोरतेय.

चाळीस वर्षं मी या माणसांना एवढंच शिकवलं की सुपावर विश्वास ठेवा. माझ्यावर ठेवा असं नाही शिकवलं. आता मी एका बाजूला आणि माझं सूप दुसऱ्या बाजूला, आणि लोक सुपाकडे.

तुझा तो पाटीचा खेळ. शाबास. पोरगी तेव्हापासून नीट जेवत नाही. भात चिवडते आणि डाव्या हाताने खाते. उजव्या हाताचं ते बोट तिने चिंधीने बांधून ठेवलंय. मी विचारलं, कापलं का? म्हणाली, "नाही. त्याला बांधलंय." एका पोरीवर तू चोरीचा आळ येऊ दिलास आणि दुसरीच्या बोटावर त्या पहिलीच्या आयुष्याचा. असले धडे शिकवण्यापेक्षा पाढे म्हणून घे.

तिवा


सेंट्रल शाळा
२० सप्टेंबर २००१

प्रिय निनांग,

हे पत्र लिहायला मला लाज वाटते.

अधिकारी बाईंनी माझं नाव वर पाठवलं. इतर शिक्षकांना हा धडा शिकवायला मला बाकोलोदला बोलावलंय, वर्षभरासाठी. पुढच्या आठवड्यात निघायचं आहे. कागदावर धड्याचं नाव 'हरवलेली घंटा' असं लिहिलंय. त्यात सूप नाही, निला नाही. मी ते घालावं असं सुचवलं. बाई म्हणाल्या, मुलांच्या धड्यात इतकं कडू कशाला.

तोन्यो ज्या मळ्यावर पूर्वी होता तिथल्या शाळेला मी दोनदा लिहिलं. उत्तर नाही. बाकोलोद नेग्रोसलाच आहे, पण मळे पुष्कळ आहेत आणि मजूर एका जागी राहत नाहीत. शोधायचं कुठून, सुचत नाही.

चारिंग वर्गात आता एकही प्रश्न विचारत नाही. मला ते सगळ्यात जास्त लागतं. तुम्हाला जमलं तर मला क्षमा करा.

तुमचा,
रोसेंदो


बालिगन बेट
२५ सप्टेंबर २००१

क्षमा चर्चमध्ये मिळते, तिकडे रांग लाव. माझ्याकडे काम आहे ते ऐक.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी भिंतीवरचं सूप पुन्हा काढलं. चारिंग नको नको म्हणत होती. मी तिच्या बोटाची चिंधी सोडली आणि तीच तिच्या डोळ्यांना बांधली. तुमच्या वर्गाचा फोटो आहे ना, सगळी पोरं पायऱ्यांवर बसलेली, तो समोर टेकवून ठेवला. मला पाटीवर भराभर वाचता येत नाही, पण चेहरे येतात. इस्कोच्या बायकोला बसवलं आणि म्हटलं, तोंडातून शब्द काढायचा नाही, काडीने एकेक चेहरा दाखवत जायचं. ती दाखवत गेली. पोरगी आंधळी, मी डोळस. काडी निलाच्या चेहऱ्यावर आली आणि सूप वळलं.

मग माझे डोळे बांधले आणि चारिंगचे उघडले. काडी सगळ्या फोटोवरून फिरून आली. सूप मेलेल्या माशासारखं लटकलेलं.

म्हणजे पोरीचं बोट नव्हतं. माझं होतं. वाटलं होतं, हे कळल्यावर तरी पोरगी जेवेल. तिने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "लोला, तू मुद्दाम वळवलंस. माझ्यावरचं काढून स्वतःवर घ्यायला." मी म्हटलं, शपथ घेते. म्हणाली, "शपथ हा पुरावा नाही." मी म्हटलं, पुन्हा करू. म्हणाली, "ज्याला उत्तर हवं असतं त्याच्या हातात सूप द्यायचं नाही, सर म्हणतात. तुला उत्तर हवंय. सरांनाही हवंय. मलाही हवंय. तुम्हा दोघांचं मी धरणार नाही. हे निलाने करून बघायला हवं. तिला कुणाची बाजू घ्यायची गरज नाही."

आणि खरं सांगायचं तर मलाही सांगता येत नाही. फोटोसमोर ते वळलं की मी वळवलं? नातीसाठी मी सूपच काय, होडी उलटी करीन. आणि त्या पहिल्या दिवशी? गळक्या बादलीचा राग होता मला, एवढं ठाऊक आहे. बादली गळत होती. मी ती खाली ठेवून बघितली. बुडाशी केसाएवढी चीर आहे, पायवाटेवर विहिरीपासून घरापर्यंत ओली रेघ. बेटावरची कुणी बाई मला बोलली नाही. तिने सांगितलं, तर मी तिला बेटाबाहेर काढली.

सूप आता भिंतीवर नाही. कॅप्टनची बायको मागायला आली होती, म्हणाली, हे जुनं आहे, यात सत्त्व आहे. तिच्यासमोर त्यावर खारवलेला मासा वाळत घातला. मांजर त्यात झोपतं. तरी ती रोज कुंपणावरून बघत असते.

मळे पुष्कळ आहेत म्हणतोस. पावलाच्या खळग्यावरून माणूस ओळखायला शिकवतोस ना तू? त्याच्याच जोरावर मोठ्या शहरात चाललास ना? मग एक मुलगी शोध. ऊसतोडणी आता सुरू होईल, माणसं मळ्यावर परत येतील. प्रत्येक मळ्याच्या दाराशी जा आणि विचार, मोठ्यांच्या डोळ्यात डोळे घालून बोलणारी पोरगी कुठे आहे. सांगतील.

सोबतच्या पाकिटात दोन कागद आहेत. एक चारिंगचा, तिने मला दाखवला नाही. एक माझा, त्यात फारसं काही नाही. बादली गळते हे लिहिलंय, आणि चॅपलमध्ये मी काय बोलले ते, आणि लोक हसले तेही. परत ये असं लिहिलेलं नाही. कुठल्या तोंडाने लिहू, विहीर तीच आहे आणि बायकाही त्याच.

पाकीट निलाच्याच हातात द्यायचं. बापाच्या नाही, मुकादमाच्या नाही, शाळेच्या नाही. ती फाडून टाकेल तर उभा राहून बघ आणि ते मला कळवू नकोस. ती तुला काही बोलली तर ऐकून घे, समजावू नकोस. आणि तू मला आता लिहायचं नाही. तुझं अक्षर दिसलं तर पाकीट न उघडता चुलीत जाईल. चारिंगला उत्तर निलाने द्यायचं. तिने नाही दिलं, तर कुणीच देऊ नये.

तिवा